प्रागच्या फरसबंदीवर नऊ किलोची व्हीलचेअर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

खुर्ची घेताना मी एकच आकडा बघितला, वजन. नऊ किलो. आमचं जर्मनीतलं ड्रेस्डेनचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे उचलायला हलकी हवी एवढंच डोक्यात होतं. आई-बाबा ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर येणार होते. आई चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. दहा मिनिटं चालली की कुठे टेकायला मिळतंय का बघते. बाबा अठ्ठ्याहत्तर, पण तासभर चालून वर चहा करून देतात.

तर ऑनलाइन मागवली. अॅल्युमिनियमची, घडीची, १६० युरो. ज्यांना यातलं काही माहीत नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी सांगते. व्हीलचेअर ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीला मागे २४ इंची मोठी चाकं असतात, बसणारा स्वतः हाताने फिरवू शकतो. दुसरीला मागे १२ इंची किंवा त्याच्या आसपासची, ती दुसऱ्यानेच ढकलायची. हलकी असते ती ही दुसरी. माझी तीच, आणि पुढची चाकं सहा इंची, भरीव रबराची. हा सहा इंचाचा आकडा जाहिरातीत अगदी खाली, बारीक अक्षरात होता. माझ्या मते तो सगळ्यात वर हवा.

खोकं उघडलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मी काय पेशंट आहे का?" पुढचे दोन आठवडे खुर्ची पॅसेजमध्ये उभी होती आणि तिच्यावर धुतलेले टॉवेल वाळत होते. शेवटी प्रागचं ठरलं आणि बाबा म्हणाले, "तू नाही बसलीस तर मी बसतो, पोरगा ढकलेल मला." पोरगा म्हणजे माझा मुलगा, वय सात. त्यावर आईने टॉवेल उचलले.

ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, बराचसा रस्ता एल्बे नदीच्या काठाने. आमच्या डब्याला पायऱ्या होत्या. आई कठडा धरून चढली, खुर्ची घडी करून दाराशी सामानाच्या जागेत. इथे नऊ किलोचं कौतुक मान्य. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात मुलाचा दंड, असं मी चढले.

आणि मग प्राग. जुन्या शहराचे रस्ते म्हणजे घडीव दगडांची फरसबंदी. फूटपाथवर लहान लहान चौकोनी दगडांची नक्षी असते, ती ठीक आहे. रस्त्यात मात्र मोठे, वरून गोल झिजलेले दगड. चेक लोक त्यांना 'कोचिची ह्लावी' म्हणतात, मांजरांची डोकी. पहिल्या पन्नास पावलांत नाव पटलं. पुढचं चाक दोन डोक्यांच्या फटीत आडवं वळतं आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. ढकलणारा मात्र थांबत नाही. बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं. आईने खुर्चीचे दोन्ही हात धरले म्हणून वाचलं, पण पाय पाटीवरून घसरला आणि बूट निघून रस्त्यात. मागून येणाऱ्या बाईंनी उचलून दिला. आई मराठीत थँक्यू म्हणाली, म्हणजे "थँक्यू हं".

उपाय नवऱ्याने शोधला, आणि या सगळ्या लिखाणात कामाचं काही असेल तर हेच. एक, मागच्या बाजूला खाली जो पाइप बाहेर आलेला असतो त्यावर पाय देऊन खुर्ची थोडी मागे कलवायची, पुढची चाकं हवेत, आणि फक्त मागच्या चाकांवर न्यायची. बसणाऱ्याला आधी सांगून, नाहीतर ओरडा पडतो. दोन, फारच खराब पट्टा आला तर खुर्ची उलटी फिरवून ओढत न्यायची, मोठं चाक आधी दगडावर चढतं. फूटपाथवरून उतरतानाही उलटंच. आईला उलटं जाणं फार आवडलं. "मला तुम्ही सगळे दिसता," म्हणाली.

जुन्या चौकात घड्याळापाशी पोहोचलो तेव्हा तासाला पाच मिनिटं होती. हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा प्रकार मिनिटभराचा. मुलाला खांद्यावर घेतलं. आईला खुर्चीत बसून समोरच्यांच्या पाठी दिसत होत्या, म्हणून ती उठून उभी राहिली, सांगाडा बघितला आणि म्हणाली, "यम घंटा वाजवतोय आणि हे लोक फोटो काढतायत."

गर्दी पांगल्यावर टाउन हॉलच्या भिंतीशी आलो तर तिने मला थांबवलं. "हे पांढरे क्रॉस कसले गं?" मी या चौकात आधी दोनदा येऊन गेले होते, मला कधी दिसले नव्हते. खुर्चीतल्या माणसाची नजर जमिनीवर असते. फरशीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रॉस बसवले आहेत. २१ जून १६२१ ला हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडाचे २७ पुढारी इथे मारले गेले, त्यांची खूण. मी फोनवरून वाचून दाखवलं. आईने पाय वर घेतले. "यावरून नको नेऊस, बाजूने घे." आम्ही वळसा घालून गेलो. त्या क्रॉसवरून त्या वेळी निदान शंभर माणसं चालत होती.

टाउन हॉलच्या टॉवरला लिफ्ट आहे, व्हीलचेअर वर जाते. वरची गॅलरी अरुंद आहे, गर्दीत दोघांना एकमेकांना ओलांडताना पोट आत घ्यावं लागतं, पण आईने लाल कौलांचं शहर बघितलं आणि "आपल्या कोकणासारखं" म्हणून शिक्का मारला.

चार्ल्स ब्रिजला आम्ही सकाळी साडेसहाला गेलो. दहानंतर गेलात तर खुर्ची काय, माणूसही पुढे सरकत नाही. पूल ५१६ मीटर लांब, पायाभरणी १३५७ सालची, आणि त्यावरची फरसबंदी गावातल्यापेक्षा सपाट. आमचा सगळ्यात सुखाचा पट्टा हाच. कठड्यांवर तीस पुतळे. त्यांतला नेपोमुकचा संत योहान सगळ्यात जुना, १६८३ चा. १३९३ मध्ये राजाने त्याला याच पुलावरून नदीत टाकायला लावलं. पुतळ्याखालच्या पितळी पट्टीला हात लावला की माणूस प्रागला परत येतो म्हणतात, आणि हात लागून लागून ती जागा सोन्यासारखी चकचकीत झालीय. आई खुर्चीतून उठली, हात लावला, तो हात डोळ्यांना लावला. नंदीच्या शिंगांमधून बघताना जो चेहरा असतो तोच. मग बसताना म्हणाली, "परत यायचं तर परत व्हिसा. नको रे देवा."

आता माझी चूक. किल्ल्यावर जाताना आम्ही शहाण्यासारखी २२ नंबरची ट्राम घेतली. थांब्यावरच्या वेळापत्रकात ज्या वेळेपुढे व्हीलचेअरचं चिन्ह असतं ती ट्राम सखल असते, खुर्ची सरळ आत जाते. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरलं की चढ न चढता किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात. आई-बाबांच्या वयाला शहरातला प्रवास फुकट, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. पंधराच्या आतल्या मुलालाही फुकट. बाबांना किल्ल्यापेक्षा या गोष्टीचा आनंद जास्त झाला असं माझं मत आहे. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पुरं झालं हे ऐकून ते म्हणाले, "पाटबंधारे खात्याला उगाच नावं ठेवतात." ते त्याच खात्यातून निवृत्त झाले.

चूक उतरताना झाली. मला वाटलं नेरुदोवा रस्त्याने चालत खाली जाऊ, सुंदर रस्ता आहे. आहेच. १७७० मध्ये घरांना नंबर आले, त्याआधी घरं ओळखायला दारांवर चिन्हं असायची, ती अजून आहेत. दोन सूर्यांचं घर, तीन फिडलींचं घर. आई खूश, पत्ता असा सांगावा, अमक्या मारुतीमागे. पण रस्ता तीव्र उताराचा आणि दगडी. खुर्चीला ढकलणाऱ्याच्या मुठीत सायकलसारखे ब्रेक आहेत. अर्ध्या उतारात डावा ब्रेक लागेना, दांडा दाबला की थेट हँडलला टेकायला लागला. वायर ताणली गेली होती. फक्त उजव्या ब्रेकवर खुर्ची उजवीकडे ओढायला लागली. नवरा पुढे जाऊन उलटा चालत खुर्चीला छाती लावून, मी मागून ओढत, आणि आई मधे बसून "मी उतरते, मी उतरते". शेवटी उतरलीच. मग तिने खुर्चीत मुलाची बॅग, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर ठेवले, हँडल धरलं आणि खुर्चीच्या आधाराने स्वतः ढकलत उरलेला रस्ता उतरली, दर चार घरांनी थांबत. मी एका हाताने खुर्ची धरून शेजारून.

ती ब्रेकची वायर तिसऱ्याच आठवड्यात सैल झाली ही या खुर्चीची पहिली उणीव. विकणाऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं की खुर्ची "समतल पृष्ठभागासाठी" आहे. माहितीपत्रकात मात्र हसऱ्या आजी आणि मागे जुन्या गावाचा दगडी चौक. असो. वायरच्या टोकाला एक फिरवायची नळी असते, ती दोन-तीन आटे सोडली की वायर ताणते. हॉटेलात रात्री बाबांनी केलं, पाच मिनिटांचं काम.

तिसरा दिवस बाबांचा. लेत्ना भागातलं राष्ट्रीय तंत्र संग्रहालय. वाहनांच्या दालनात छताला विमानं टांगलेली, खाली इंजिनं आणि मोटारी, आणि मोटारसायकलींत जावा. बाबांनी सांगलीत वीस वर्षं जावा चालवली. म्हैसूरला बनायची एवढंच त्यांना माहीत. ती मुळात १९२९ मध्ये यानेचेक नावाच्या गृहस्थाने प्रागमध्ये सुरू केली, यानेचेक (Janeček) आणि ज्या जर्मन कंपनीची मोटारसायकल त्याने बनवायला घेतली ती वाँडरर (Wanderer), यांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं मिळून 'जावा' (Jawa), हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते नातवाला दाखवत होते, गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक. गाडीला हात लावता येत नाही, म्हणून त्यांनी हवेतच किक मारली. दुसऱ्या वेळी तोल गेला आणि ते मागे रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसले. आई तेव्हा बाकावर होती. तिथून म्हणाली, "बसा आता, कसं वाटतं बघा." ते खरंच अर्धा तास बसून राहिले.

खाण्याबद्दल थोडक्यात. शाकाहारी माणसाचं तळलेल्या चीजवर आणि बटाट्याच्या ब्रांबोराकवर भागतं, ते लसूण घातलेल्या घावनासारखं लागतं. पण 'ओवोत्स्ने क्नेडलीकी' चुकवू नका. आत अख्खं फळ, वर पिठाची पारी, उकडून, त्यावर वितळलेलं लोणी आणि चक्क्यासारखं त्वारोह. आईने सुरीने कापून आत बघितलं, एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "उकड चांगली आहे, पारी जाड झालीय."

ऑक्टोबरअखेर खुर्ची आई-बाबांबरोबर पुण्याला गेली. विमानाच्या दारापर्यंत तीच वापरली, सामानाच्या वजनात धरली नाही. तेव्हापासून दवाखाना, बँक, दोन लग्नं. कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी चालते. डिसेंबरात पुढचं डावं चाक करकरायला लागलं. बाबांनी बेअरिंग काढून नाना पेठेत नेलं, निघालं ६०८ नंबरचं, मुलांच्या स्केट्सना लागतं तेच. चार विकत घेतली, दोन बसवली, दोन डब्यात आहेत. ब्रेकची वायर जानेवारीत सायकलवाल्याने बदलली, सायकलचीच घातली. कापडी सीट अजून ताठ आहे, पण उशीशिवाय तासभर बसवत नाही. घडीचा सांधा आठ महिन्यांनंतरही घट्ट, त्याला तक्रार नाही.

घरात, दवाखान्यात, विमानतळावर जायचं असेल तर ही नऊ किलोची खुशाल घ्या. जुन्या युरोपीय गावात न्यायची असेल तर नको. चौदा-पंधरा किलोची चालेल, पण मागे २४ इंची चाकं, बटण दाबून निघणारी, म्हणजे जिन्यात दोन फेऱ्यांत नेता येते, आणि पुढची निदान आठ इंची. मी आता तशीच बघतेय, कारण बाबांनी पुढच्या सप्टेंबरची चौकशी सुरू केलीय. परवा फोनवर आईला फोटो पाठवले. ती मोठे करून करून बघत होती.

"ही काळी बरी दिसते," म्हणाली. "पण पाय ठेवायच्या पाट्या जरा उंच आहेत का बघ, माझे गुडघे वर येतात. आणि मागे पिशवी अडकवायला हुक हवा."