पालिकेला उभं राहायचंय: पक्षाकडून की समितीकडून?

बेळगाव पालिकेच्या पुढच्या निवडणुकीसाठी वॉर्डात आतापासून फिरू लागलेल्या दोघातिघांनी मला हे विचारलं. समिती म्हणजे बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. दोन्हीकडे थोडंफार काम केलंय, म्हणून अनुभवाचं तेवढं लिहितो.

2021 च्या आधी बेळगाव पालिकेत पक्षाच्या चिन्हाला फारशी किंमत नव्हती. एकीकडे मराठी गट, दुसरीकडे कन्नड-उर्दू गट, असाच हिशेब चालायचा. त्या सप्टेंबरात लढत चिन्हांवर झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपला, 10 काँग्रेसला, तर समितीला अवघ्या 4 मिळाल्या. मराठी वस्तीत मराठीच उमेदवार द्यायचा, हा भाजपचा डाव बरोबर बसला. पुढे 2023 ला शोभा सोमनाचे आणि 2025 ला मंगेश पवार हे भाजपचेच मराठी नगरसेवक महापौर झाले. मराठी महापौर हवा तर समितीच हवी, या जुन्या प्रचारातली हवा त्यामुळे बरीच गेली, हे मान्य करायला हवं.

शिवाय महापौर नगरसेवकांतून निवडतात, त्यात आमदार-खासदारांनाही मत असतं, पद एका वर्षाचं आणि तेही आरक्षणाच्या फेऱ्यानुसार. ज्याचे आमदार त्याचं पारडं आपोआप जड. गटार, पथदिवे, रस्त्याचा निधी एवढंच डोळ्यांसमोर असेल, तर पक्षाचं तिकीट सोयीचं आहे.

माझं मन मात्र एका कागदावरून फिरलं. मराठी परिपत्रकांची आपली मागणी किती जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, एवढंच मागायचं आहे. मी एका पक्षाच्या वॉर्ड बैठकीत तसं निवेदन लिहून नेलं होतं. पक्षाचं नाव घेत नाही. समोरचे पुढारी आपल्याच शहापुरातले, घरात अस्सल मराठी. त्यांनी कागद उभा आडवा वाचला, चार घड्या घातल्या आणि डायरीत सरकवला. म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पण हे वरून विचारावं लागेल. सध्या विषय वाढवू नको." कोणी रागावलं नाही, चहासुद्धा दिला. पण आपल्या म्हाताऱ्यांना घरपट्टीची नोटीस वाचता यावी, यासाठीही बेंगळुरूची परवानगी लागत असेल, तर त्या तिकिटावर निवडून येऊन मी सभागृहात तोंड कशासाठी उघडायचं? ते मला अजून खुपतं.

समितीत हा अडसर नाही. त्याची किंमतही तिने मोजली आहे: 2005 ला सीमाप्रश्नाच्या ठरावानंतर आणि 2011 ला काळ्या दिनानंतर (1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या निषेधात पाळतात तो) पालिकाच बरखास्त झाली. समितीचं खरं दुखणं घरातलं आहे. एकाच गल्लीतून दोन अर्ज, दोघांच्याही गळ्यात भगवा, आणि मतं फुटून तिसराच गुलाल उधळतो.

तरी मी तिकडेच झुकेन. तुम्ही अर्ज भरण्याआधी गल्लीतले पंच, युवक मंडळं आणि महिला मंडळ यांना एकत्र बसवा, एकच नाव ठरवून घ्या. ते नाव दुसऱ्याचं निघालं तर त्याच्या प्रचाराला लागा. तेवढंही जमत नसेल, तर पक्षाकडे जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त तिकीट घेण्याआधी मराठी परिपत्रकांबद्दल त्यांना चारचौघांत विचारा.