दोघांसाठी हिरवं बेट: अंदमान की बाली?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात महिनाभर हाच विषय आहे. हिला हिरवंगार बेट हवंय, पावसाळ्यातल्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरासारखं.

सुट्टी मे-जूनमध्ये असेल तर बालीच. अंदमानात तेव्हा पावसाळा लागतो, बालीत कोरडे दिवस. उबुदजवळची उतरती भातखाचरं कोकणातल्या माणसाला वेड लावतील. शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची तिथली ‘सुबाक’ पद्धत २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. व्हिसा मात्र लागतो.

डिसेंबरात उलटं. बाली भिजलेलं, अंदमान स्वच्छ. पासपोर्टही नको. श्रीविजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) बोटीनं स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक बेट), मग राधानगरचा किनारा आणि त्याला टेकलेलं दाट जंगल. साडेपाचलाच अंधारतं, पहाटे उठायला हवं. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी तर पाहायचीच.

आम्ही डिसेंबरची रजा टाकलीय.