पीएस-टू, नऊ महिने: लेन्सच्या नावाने खडे फोडण्याआधी रुळांवरचं ग्रीस बघा

ऑगस्टात शेजाऱ्यांकडून जाडा पीएस-टू घेतला, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन २ हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, मॉडेल नंबर पन्नास हजारच्या मालिकेतला. चौदा डिस्क, दोन कंट्रोलर, एक मेमरी कार्ड, सगळे मिळून साडेतीन हजार. चित्र, आवाज, कंट्रोलर यांबद्दल वेगळं लिहायला नको, ज्यांना हे यंत्र माहीत आहे त्यांना ते पाठ आहे. मला लिहायचंय ते डिस्क वाचण्याबद्दल, कारण नऊ महिन्यांतले पाच त्यातच गेले.

डिसेंबरात एका संध्याकाळी लाल पडदा आला, 'प्लेस्टेशनची डिस्क घाला' म्हणून. डिस्क तर आतच होती. निळ्या पाठीच्या डिस्क मात्र बिनतक्रार चालत होत्या. ही खूण महत्त्वाची आहे. निळ्या पाठीच्या म्हणजे सीडी आणि चंदेरी म्हणजे डीव्हीडी. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अदृश्य लेसर किरण लागतो, डीव्हीडीसाठी ६५०चा लाल. किरण सोडणाऱ्या अख्ख्या भागालाच बोलताना लेन्स म्हणतात. एक चालते आणि दुसरी नाही, म्हणजे अख्खं यंत्र मेलेलं नाही, एवढं तरी कळतं.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं. स्टेशनाजवळच्या दुकानात नेलं. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "साहेब, लेन्स गेली. तात्पुरतं सेटिंग करून देतो, सहाशे होतील." दिले. बिल मागितलं तर "एवढ्याशा कामाला बिल कशाला?" सहा आठवडे छान चाललं, मग पुन्हा लाल पडदा. परत गेलो तर आता बावीसशे, नवी लेन्स. सहाशे वजा करा म्हटलं तर ते सेटिंगचे होते म्हणे. मी यंत्र उचललं आणि घरी आलो.

भावोजी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करत आलेत, मल्टिमीटर कायम जवळ. रविवारी ते चिपळूणला आले तेव्हा जेवण झाल्यावर खालची बुचं आणि रबरी पाय काढले, आठ स्क्रू सोडवले, ट्रेवरचं झाकण उचललं. त्यांनी पहिल्यांदा लेन्सकडे बघितलंच नाही. बोटाने लेन्सची गाडी हलकेच पुढे सरकवली आणि मला म्हणाले, "तुम्हीच सरकवून बघा." मध्यावर ती अडकत होती. ज्या दोन सळ्यांवर ती धावते त्यांवरचं ग्रीस पिवळं पडून थंडीतल्या तुपासारखं घट्ट झालेलं, त्यात केस आणि धूळ. वीस वर्षांचं ग्रीस आणि आमची कोकणातली दमट हवा. कोणालाही दोष देण्यासारखं नाही, फक्त साफ करण्यासारखं.

यावर मी जास्त लिहितोय, कारण हे कोणी सांगत नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. गाडी आतल्या टोकाला नीट असेल तर मेनू येतो, गेम सुरू होतो, आणि मग दर वेळी त्याच जागी थांबतो. आपण म्हणतो डिस्कवर ओरखडा आहे. दुसरी डिस्क तशीच थांबली तर म्हणतो लेन्स गेली. खरं तर गाडी वाटेत अडकलेली असते. यंत्र उभं केल्यावर चालतं, आडवं केल्यावर नाही, असं होत असेल तर आधी सळ्या, गाडी आणि डिस्क धरणारी चकती बघा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायचे कापसाचे बोळे, एवढंच लागलं. सळ्या चकचकीत होईपर्यंत पुसल्या, पांढऱ्या ग्रीसचा थेंब लावला. लेन्स तशाच स्वच्छ बोळ्याने, अगदी हलक्या हाताने. थिनर नको, प्लॅस्टिक धुरकट होतं. लेन्सची उंची ठरवणारं पांढरं चाक आहे, त्यावर पेनाने खूण केल्याशिवाय हात लावू नका. खर्च एकशे चाळीस रुपये. चंदेरी डिस्क वाचायला लागल्या.

त्या रात्री मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि त्यात 'लेन्सला काही होत नाही' असं वाक्य होतं. ते आता मागे घेतो. आठवड्याने गॉड ऑफ वॉर २ हा गेम लावला. ती दोन थरांची डीव्हीडी, दुसरा थर वाचायला पहिल्याच्या आरपार बघावं लागतं. तिथे यंत्र हमखास अडकायला लागलं. भावोजींनी पुन्हा उघडलं. लेन्सखालच्या बारीक स्क्रूभोवती ताजे ओरखडे होते. दुकानातलं 'सेटिंग' म्हणजे तो स्क्रू फिरवून किरणाचा प्रवाह वाढवणं. दुबळा किरण त्याने काही दिवस डिस्क वाचतो, पण तितकाच लवकर मरतो. आधी सळ्या पुसल्या असत्या तर याची गरजच नव्हती, हे मला अजून खुपतं.

शेवटी मार्चमध्ये केएचएस-४००सी लेन्स मागवली, साडेआठशेला. तुमच्या यंत्राला वेगळी लागू शकते, मागचा मॉडेल नंबर बघून घ्या. माझ्या नव्या लेन्सवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका होता, तो न काढता बसवली म्हणून पहिल्या दिवशी काहीच वाचेना. ठिपका काढला, चालू झालं.

बरेच जण डिस्कचा नाद सोडून हार्डडिस्कवरून खेळतात, माझ्या मॉडेलमध्ये त्यासाठी जागाही आहे. मला ते नको. भाचा डिस्क पुसून ट्रेमध्ये ठेवतो आणि फिरण्याचा आवाज स्थिर होईपर्यंत कान लावून बसतो, त्यासाठीच हे घेतलं होतं. आणि एक, सीडीची माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, त्यामुळे निळ्या डिस्कवर पेनाने नाव लिहू नका. ओरखड्यांवर टूथपेस्टही नको.

आता मे संपत आलाय. पावसाआधी पुन्हा उघडून सळ्या पुसायच्या आहेत. जुनी लेन्स डबीत जपून ठेवली आहे, निळ्या डिस्क ती अजून वाचते.