आमसूल, ट्यूब की दवाखाना?

अंगावर काही उठलं की आमच्या वेंगुर्ल्याकडे पहिली आठवण आमसुलाची होते. चार आमसुलं पाण्यात कोळायची आणि ते पाणी अंगाला लावायचं. "आमसूल चोळ, बरा वाटतला," एवढ्यात काकीची तपासणी आणि उपचार दोन्ही आटोपतात. दुसरी वाट बाजारातल्या मेडिकलची, म्हणजे खाजेची ट्यूब. दवाखान्याची पाळी बहुतेक वेळा शेवटी येते. मी तिन्ही वाटांनी गेलोय, आणि दर वेळी शहाणपणानेच गेलो असं म्हणवत नाही.

पित्ताच्या गांधींवर आमसूल लावायला हरकत नाही. गार वाटतं, खाज निवते. पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. पित्ताची एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआप विरते आणि दुसरीकडे नवी उठते. याचा उपयोग करून घेता येतो. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढून ठेवा. उद्या याच वेळी गोल आहे पण गांध नाही, तर ते पित्तच. गांध तिथेच ठाण मांडून असेल, खाजेपेक्षा आग जास्त होत असेल किंवा जाताना काळानिळा डाग उरत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. पित्तावर खरा उतार पडतो तो सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने. मोठ्या माणसाला दिवसाला १० मिलिग्रॅमची एक गोळी, तीही रात्री. ती घेऊन होडीवर किंवा घाटात गाडी चालवायला जाऊ नये, झोप येते. लहान मूल, गरोदर बाई किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. आणि आमसुलाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावायचा मोह टाळा. त्यात मीठ असतं, खाजवून सोललेल्या कातडीवर ते कसं झोंबतं ते मला ठाऊक आहे.

खोबरेल कोरड्या, भेगाळलेल्या, इसब असलेल्या कातडीला चांगलं. घामोळ्याला वाईट, कारण तिथे घामाची वाटच बुजलेली असते, वर तेल कशाला? नायट्यावर लसूण चोळणारेही आहेत. त्याने नायटा जात नाही, कातडी भाजते.

कुठलाही उपाय करण्याआधी गेल्या दोन दिवसांत हात कशाला लागला ते आठवा. एप्रिल-मेमध्ये आंबा काढताना देठाचा चीक उडतो. काजूच्या बिया फोडताना टरफलातलं तेल लागतं. दोन्ही बिब्ब्याच्याच कुळातले, त्यामुळे बिब्बा उततो तसे उततात. लागल्या लागल्या साबणाने भरपूर धुवायचं, बोटांनी डोळे चोळायचे नाहीत. पावसाळ्यात दिव्याखाली येणारा बारीक तांबडा-काळा किडा मानेवर चिरडला गेला तर सकाळी चाबकाचा फटका बसल्यासारखा जळका पट्टा दिसतो. बायका त्याला नागीण समजून घाबरतात. तोही धुवायचा, आठवडाभरात सुकतो.

आता ट्यूब. तिघांत सगळ्यात लवकर गुण हीच देते, आणि मला भीती वाटते ती हिचीच. मागच्या पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी जांघेत नायटा धरला. दुकानदाराने न बघताच एक मलम पुढे केलं. दोन दिवसांत खाज गेली, मी ट्यूब ठेवून दिली. पंधरवड्यात नायटा दुप्पट होऊन परत आला. असं तीनदा झालं. त्या मलमात बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि वर जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. नायट्याची ओळखीची गोल कडाही पुसट होते, मग डॉक्टरलासुद्धा तो पटकन ओळखता येत नाही. महिनोन्महिने लावत राहिलं तर जांघेची कातडी पातळ होऊन पांढऱ्या रेघा उमटतात, त्या पुन्हा जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागितली की मिळतात.

म्हणून ट्यूब घ्यायचीच तर मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एकही नाव दिसलं तर परत द्या. नायट्याला नुसतं क्लोट्रिमॅझोल, म्हणजे फक्त बुरशीचं औषध, मागा. दिवसातून दोनदा, डागाच्या कडेपलीकडे बोटभर, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावा. कंटाळवाणं आहे खरं. चार आठवड्यांत हटला नाही किंवा अंगभर पसरला तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरच ठरवणार.

काही गोष्टींत मात्र आमसूल आणि ट्यूब यांची तुलनाच करू नये. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर ती खरूज. तिचं पर्मेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर खरूज घरातल्या घरात फिरत राहते. छातीच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला आधी दुखून मग फोडांचा पट्टा आला तर नागीण. तिची दोन टोकं जुळली की माणूस मरतो हे खोटं, पण काव (गेरू) लावत बसण्यात ७२ तास गेले तर गोळ्यांचा फायदा घटतो हे खरं. न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट डाग असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि तिथे औषध फुकट मिळतं.

पुरळासोबत ताप असेल, काचेचा पेला दाबूनही लाली फिकी पडत नसेल किंवा तोंडात फोड येत असतील तर त्याच दिवशी जायचं. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट १०८.

त्वचेचे डॉक्टर आपल्याकडे बहुधा जिल्ह्याच्या गावी, नाहीतर कोल्हापूरला. एवढा प्रवास करून पोचेपर्यंत पित्त निम्मं उतरलेलं असतं, म्हणून उठल्या दिवसापासून उजेडात रोज एक फोटो काढून ठेवा. आणि लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत टाका, अर्ध्या संपलेल्यासुद्धा. मी माझी लाजेपोटी घरी ठेवून गेलो होतो, म्हणून दुसरी फेरी पडली.