‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के पडदा नव्हे

मोठा मॉनिटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. बत्तीस इंची, ४के (म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेलचा), १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असं सांगून मला भलताच मॉनिटर विकला गेला. तो भलता आहे हे सिद्ध करणं सोपं नव्हतं, कारण अशा वेळी आपला संगणकच विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देतो.

मी घरून पुस्तकांची मांडणी करते. समोरासमोरची दोन पानं छपाईच्या आकारात एकाच वेळी दिसावीत आणि अक्षरं कागदावर असतात तितकी रेखीव दिसावीत, एवढी माझी गरज. संध्याकाळनंतर त्याच टेबलावर मुलगा गेम खेळतो, त्याला १४४ हर्ट्झ हवे होते. बुधवार पेठेतल्या एका दुकानात दोघांचंही भागेल असा मॉनिटर लावलेला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

लावलेला मॉनिटर खरोखरच ४के होता. माझ्या एका पुस्तकाची पीडीएफ पेन ड्राइव्हवर नेली होती, ती उघडून पाहिली. मुलाने हर्ट्झ तपासले. मग ‘हाच द्या’ म्हटलं, तर उत्तर आलं, “ताई, हा डेमो पीस आहे, रोज चालू असतो. तुम्हाला सील पॅक देतो ना.” सील पॅक खोकं इथेच उघडून लावून दाखवा म्हटलं, तर “सील तोडलं की कंपनी वॉरंटी देत नाही.” हे साफ खोटं आहे. त्या कंपनीच्या ग्राहक सेवेने मला नंतर स्वच्छ सांगितलं की वॉरंटी बिल आणि अनुक्रमांक बघून मिळते, सील बघून नाही. पण दुकानात उभं असताना समोरचा माणूस हे इतक्या सहजपणे सांगतो की खोटं वाटत नाही.

बिलाचीही गोष्ट तशीच. आधी कच्च्या बिलावर स्वस्तात देतो म्हणाले. मी पक्कं मागितलं, ते मिळालं. त्यावर जीएसटी क्रमांक होता, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड ८५२८ होता, बेचाळीस हजारांची रक्कम होती, आणि वस्तूच्या रकान्यात फक्त ‘३२ इंची एलईडी मॉनिटर’. मॉडेल क्रमांक नाही, अनुक्रमांक नाही. मॉडेल लिहायला सांगितलं तर “खोक्यावर आहे की सगळं.” खोक्यावर ठळक ‘४के यूएचडी’ होतंच.

घरी आल्यावर मॉनिटर जुन्या चोवीस इंची पडद्याशेजारी लावला आणि तेच पान दोन्हीकडे उघडलं. ‘सर्वांनी’, ‘वर्षांत’ असे शब्द मी मुद्दाम बघते, कारण त्यांत रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून येतात. चांगल्या पडद्यावर दोन्ही सुटे दिसतात. दुकानात सुटे दिसले होते. इथे त्यांचा एकच काळा ठिपका झाला होता आणि शिरोरेषेच्या वरखाली राखाडी किनार होती. जुन्या पडद्यापेक्षा अक्षर कणभरही सुबक नव्हतं.

मुलाने विंडोजची सेटिंग्ज उघडली. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये डेस्कटॉप मोड ३८४०×२१६०, सिग्नलही ३८४०×२१६०. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही तोच आकडा. एवढ्यावर नव्वद टक्के लोक गप्प बसतील, आणि विक्रेता नेमका यावरच विसंबून असतो. दोन गोष्टी मात्र जुळत नव्हत्या. रिझोल्यूशनच्या यादीत ‘रेकमेंडेड’ हा शब्द २५६०×१४४० समोर होता, आणि ४केला ठेवलं की हर्ट्झ साठाच्या वर जात नव्हते. १४४ मिळत होते ते फक्त १४४०ला.

दुकानात फोन केला. आधी म्हणाले ग्राफिक्स कार्ड जुनं असेल. मग म्हणाले केबल बदला, आमच्याकडे ८केची आहे. केबलच्या बाबतीत एवढंच सांगते: संगणक मॉनिटरला जोडणारी, ८केसाठी असते ती अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल घ्या, तिच्या वेष्टनावर क्यूआर कोडचं प्रमाणपत्राचं लेबल असतं, ते स्कॅन करून खरं-खोटं कळतं. आमच्याकडे तशीच केबल होती.

शेवटी खरं काय ते स्टीलच्या पट्टीने सांगितलं. पडद्यावर पूर्ण पांढरा रंग आणायचा, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी काचेला हलकेच टेकवायची आणि मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने फोटो काढायचा. फोटो मोठा केला की लाल-हिरव्या-निळ्या रेघांचे त्रिकूट दिसतात. एक त्रिकूट म्हणजे एक पिक्सेल. बत्तीस इंची पडदा सुमारे ७०.८ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात ३८४० पिक्सेल बसवायचे तर एका सेंटिमीटरमध्ये ५४ यायला हवेत. आम्ही पुन्हा पुन्हा मोजले, ३६च भरत होते. म्हणजे रुंदीत २५६०. बत्तीस इंचांवर २५६०×१४४० आणि चोवीस इंचांवर १९२०×१०८० यांची दाटी अगदी सारखी, इंचाला सुमारे ९२ पिक्सेल. खऱ्या ४केची बत्तीस इंचांवर १३८ भरते. जुन्या आणि नव्या पडद्यावर अक्षर एकसारखं का दिसत होतं, हे तेव्हा उलगडलं.

मग मुलाने हेअर ड्रायरने खोक्यावरचं लेबल गरम केलं. ‘४के यूएचडी’ छापलेलं नव्हतं, वरून चिकटवलेलं होतं. खालून ‘क्यूएचडी’ निघालं, म्हणजे २५६०×१४४०. मॉनिटरच्या पाठीवरच्या माहितीपट्टीवरचा अनुक्रमांक ग्राहक सेवेला कळवला तेव्हा त्यांनीही सांगितलं की या मॉडेलचं मूळ रिझोल्यूशन २५६०×१४४० आहे आणि ते ४के सिग्नल घेऊ शकतं.

ही ‘घेऊ शकण्याची’ सोय मुळात प्रामाणिक आहे. प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल बाजारात आला तेव्हा त्याला १४४०चं आउटपुट नव्हतं, ते सप्टेंबर २०२२च्या अपडेटमध्ये मिळालं. ज्यांच्याकडे १४४०चा मॉनिटर होता त्यांना कन्सोलवरून १०८०च मिळे. म्हणून काही मॉनिटर ४के सिग्नल आत घेऊन तो आकसून दाखवतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यावर ‘४के’ची चिठ्ठी डकवून दुप्पट पैसे घेणं.

एचडीएमआय २.१ या शब्दावरही असाच विश्वास ठेवू नका. त्या नियमावलीतल्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक आहेत, त्यामुळे जुन्या २.० इतकीच, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटची क्षमता असलेल्या जोडणीवरही २.१ लिहिता येतं. तेवढ्या क्षमतेत पूर्ण रंगांसह ४के साठ हर्ट्झलाच चालतं. ‘४केला किती हर्ट्झ, आणि कोणत्या पोर्टवरून’ असाच प्रश्न विचारा. ‘एचडीआर’चा (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याचा) शिक्का आणि ‘१ मिलिसेकंद’ (पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेळ) यांना तर मी आता किंमतच देत नाही. एचडीआर सिग्नल नुसता स्वीकारणाऱ्या मिणमिणत्या पडद्यावरही तो शिक्का मारतात.

दुकानदाराने माल परत घ्यायला नकार दिला. बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंच होतं. त्या ओळीला घाबरून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते दुकानदाराकडे पाठपुरावा करतात, निकाल देत नाहीत. दुकानाने उत्तर दिलं नाही, म्हणून ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते: खरेदी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर केली आणि राहता साताऱ्यात, तर साताऱ्याच्या आयोगात. मुदत दोन वर्षांची.

माझ्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप: मॉडेलचा फोटो, खाली ‘३८४०×२१६०, १४४ हर्ट्झ’ आणि भाव. बिल मोघम असलं तरी हा निरोप मोघम नाही. म्हणून तोंडी भाव ठरला तरी घरी येऊन एक निरोप टाका, ‘अमुक मॉडेल, पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन ३८४०×२१६०, बरोबर ना?’ आणि उत्तर ‘हो’ असं लेखी येऊ द्या. ‘मूळ रिझोल्यूशन’ हेच शब्द वापरा, कारण ‘४के आहे का’ या प्रश्नाला विक्रेता ‘सपोर्ट करतो’ म्हणून निसटतो.

पैसे देण्याआधी खोकं दुकानात उघडायला लावा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. मॉनिटरच्या मागच्या माहितीपट्टीवर आर- ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये घालून कंपनी तीच आहे का बघा. एक चित्र बरोबर न्या: ३८४०×२१६० आकाराचं, एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचं. विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवण्याची सोय) शंभर टक्के ठेवून ते पूर्ण पडद्यावर उघडा. खऱ्या ४केवर बारीक, एकसारखी जाळी दिसते. आकसलेल्या सिग्नलवर त्या रेघा नीट उमटतच नाहीत, ढोबळ राखाडी पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा. आणि आधीच घरी आणला असेल, तर खोकं, आतली कागदपत्रं, वरून चिकटवलेलं लेबलसुद्धा रद्दीत देऊ नका; आयोगाच्या अर्जाला मी त्याच लेबलाचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडले आहेत.