अमेरिकेतलं स्टुडंट क्रेडिट कार्ड: कार्ड चांगलं, टेबलावरची विक्री नाही

माझा धाकटा भाऊ 19 वर्षांचा, बीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी त्याच विद्यापीठात पीएचडी करते. दोघांनीही स्टुडंट युनियनच्या इमारतीबाहेर बँकेने लावलेल्या टेबलावर एकाच बँकेचं कार्ड घेतलं. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते त्या टेबलाबद्दल.

आधी कार्ड. वार्षिक फी नाही, लिमिट 500 डॉलर, 1 टक्का कॅशबॅक, ॲप सुटसुटीत. व्याज 26.99 टक्के, म्हणजे बिल दर महिन्याला पूर्ण भरणार असाल तरच घ्या. स्टेटमेंटवरची एक चौकट मला फार आवडते. भावाचं एका महिन्याचं बिल 480 डॉलर आलं, तेव्हा तिथे छापलं होतं: नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर 2 वर्षं लागतील आणि एकूण अंदाजे 636 डॉलर जातील. त्याने ते वाचलं आणि ‘ताई, हेडफोन पुढच्या महिन्यात’ म्हणून पूर्ण बिल भरून टाकलं. ही चौकट बँकेने हौसेने छापलेली नाही. 2009 च्या कार्ड ॲक्टमुळे ती छापावीच लागते.

त्याच कायद्यामुळे 21 वर्षांखालच्यांना स्वतःची कमाई दाखवावी लागते, नाहीतर सहीला जामीनदार लागतो. आईबाबांचा पगार लिहून भागत नाही. भावाने डायनिंग हॉलच्या कामाची पे-स्लिप जोडली. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. हप्ता फेडायची ऐपत आधी बघायची, कार्ड मग द्यायचं.

आता टेबल. कॅम्पसवर किंवा कॅम्पसच्या हद्दीपासून 1,000 फुटांच्या आत, अर्ज भरावा म्हणून विद्यार्थ्याला वस्तू देता येत नाही. टी-शर्ट नाही, गिफ्ट कार्डही नाही. कॉलेजशी संबंधित कार्यक्रम बाहेर कुठे असला तरी तिथेही हेच. आमच्या टेबलावर खरंच तसलं काही नव्हतं, फक्त फॉर्म, क्यूआर कोड आणि ‘आज अर्ज केलात तर बोनस पॉइंट’ असा फलक. पॉइंट, सवलती, सुरुवातीचं कमी व्याज हे वस्तूंत धरलं जात नाही, त्यामुळे ते नियमात बसतं. पण रांगेतली मुलं त्या पॉइंटांसाठीच उभी होती. टेबलावरच्या मुलाने पॉइंट तीनदा सांगितले, व्याजदर एकदाही नाही. मी विचारल्यावर त्याने फॉर्मच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. पहिल्यांदा घर सोडून आलेल्या मुलांना कर्ज विकताना असं वागणं मला मान्य नाही.

आणि टेबल तिथे लागतं कसं? बँकेशी केलेला क्रेडिट कार्डाचा करार विद्यापीठाने जाहीर करावा, हे कायद्यात बंधनकारक आहे. मी ईमेल करून आमचा मागवला, तो मिळालाही. त्यात दर नव्या खात्यामागे विद्यापीठाला रक्कम मिळते असं कलम आहे. म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येक अर्जामागे आमचं विद्यापीठ कमावू शकतं. तुम्ही शिकत असाल तिथेही हा करार मागा.

कॅम्पसवर अशी विक्री किती ठिकाणी व्हावी यावर मर्यादा घालावी, ओरिएंटेशनमध्ये कर्जाबद्दल सत्र ठेवावं, असंही कायद्यात आहे, पण कॉलेजांनी ‘विचार करावा’ इतकंच. आमच्याकडे टेबल आहे, सत्र नाही. हे सक्तीचं व्हायला हवं आणि पॉइंटही भेटवस्तूंच्या बंदीत यायला हवेत.

कार्डाला 5 पैकी 4, विक्रीला 1. घ्यायचंच असेल तर टेबलावर घेऊ नका. तेच कार्ड वेबसाइटवर मिळतं, आणि तिथे व्याज, फी सगळं एका तक्त्यात शांतपणे वाचता येतं. आमच्या स्टुडंट सेनेटकडे मी सत्राची मागणी लेखी दिली आहे. पुढच्या बैठकीत ती चर्चेला येणार आहे, इथले कुणी असाल तर या.