विलीनीकरणानंतरची कार्यसंस्कृती: एकच साचा की सावकाश मिलाफ?

1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले. अशा वेळी कोकणातील शाखांपुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे एकाच बाजूची कार्यपद्धती पहिल्या दिवसापासून सर्वांना लागू करणे. संगणकप्रणाली, लेखापरीक्षण, व्याजदर आणि बढतीचे निकष यांबाबत हाच मार्ग योग्य आहे, कारण तिथली संदिग्धता ग्राहक आणि कर्मचारी दोघांनाही महागात पडते.

दुसरा मार्ग दोन्हीकडच्या रीती काही काळ शेजारी चालू ठेवून त्यांतील उपयुक्त ते निवडण्याचा आहे. तो वेळखाऊ आहे आणि निर्णय लांबले की कर्मचाऱ्यांत गट पडतात, हे मान्यच करावे लागेल. तरीही ग्राहकाशी आणि सहकाऱ्यांशी रोजच्या वागण्यात मला तोच पटतो. आंबा बागायतदाराची परतफेड हंगामावर अवलंबून असते, 1 जून ते 31 जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीकाळात मच्छीमाराची आवक थांबते, आणि गणेशोत्सवात रजेची मागणी एकदम वाढते. रत्नागिरी वा मालवणच्या शाखेत वर्षे काढलेल्या लिपिकाला हे जितके ठाऊक असते, तितके मुख्यालयातून आलेल्या परिपत्रकात क्वचितच उतरते. त्याला विचारल्याशिवाय वसुलीचे वेळापत्रक किंवा रजेचे नियम ठरवणे मला अन्यायाचे वाटते. बदल्यांच्या बाबतीतही घाई नसावी. निदान पहिले वर्षभर जुन्या शाखाधिकाऱ्यांना जागेवर ठेवावे.